पत्र्यातली खिडकी

घरात आलेली वस्तू नीट चालते आहे ना, एवढंच बघणारी माणसं जास्त असतात. ती आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशी थोडी. पहिल्या प्रकारची माणसं रेडिओ लावतात आणि गाणी ऐकतात. दुसऱ्या प्रकारची माणसं रेडिओचं मागचं झाकण काढून बसतात आणि मग पुष्कळदा घरातल्या कुणालाच गाणी ऐकायला मिळत नाहीत.

डोंबिवलीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात या दुसऱ्या प्रकारची दोन माणसं राहत होती. एकाचं वय ७४, दुसऱ्याचं १७. आजोबा आणि नातू. एकाच छपराखाली राहूनही दोघांना एकमेकांची ही ओळख पटायला २००४ सालचा मे महिना उजाडावा लागला.

आजोबांना घरात सगळे अप्पा म्हणत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी टूलरूममध्ये फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली. अप्पांबरोबर घरी आली ती फक्त त्यांची स्वतःची हत्यारांची पेटी. कानशी, स्क्राइबर, सेंटर पंच, गुण्या, पोलादी पट्टी. प्रत्येक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. पेटी कॉटखाली होती आणि अप्पा बहुतेक वेळ गॅलरीतल्या खुर्चीत. गेली दोन वर्षं ते फारसे बाहेर पडत नव्हते. सकाळचं फिरणं बंद झालं होतं, बँकेत सूनच जात होती. वयामुळे माणूस घर धरून बसतो, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

नातवाचा वेळ कॉम्प्युटरसमोर जाई. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून सुटे भाग जोडून घेतलेला तो कॉम्प्युटर हप्त्यांवर घरात आला होता. त्याचं कॅबिनेट म्हणजे मळकट पांढऱ्या रंगाचा पत्र्याचा डबा. बाजूच्या स्क्रूवर दुकानदाराने वॉरंटीचं सील चिकटवलेलं. सील फाटलं की वॉरंटी गेली. वर्षभर मुलाने त्या सीलाकडे बघत दिवस काढले. वर्ष संपलं त्या संध्याकाळी त्याने जाहीर केलं, की तो या डब्याला बाजूने खिडकी पाडणार आहे.

"सोन्यासारखा डबा कापायचा कशाला?" आई म्हणाली. "आत काय देव बसलाय दर्शन घ्यायला?"

मुलाने पुष्कळ समजावलं. परदेशात कॉम्प्युटर एकत्र नेऊन रात्र-रात्र खेळणारी मुलं आपापल्या डब्यांना अशा खिडक्या कापून घेत होती. त्यासाठी डबे तयार विकत मिळण्याच्या कितीतरी आधीपासून. ॲपल कंपनीने १९९८ साली आयमॅक काढला तेव्हा त्याचं आवरणच निळसर आणि अर्धवट आरपार दिसणारं होतं. आतल्या भागांची आकृती बाहेरून कळे. यंत्राचं पोट झाकलंच पाहिजे ही समजूत तेव्हापासून ढिली होत चालली होती. पण हे सगळं आईला आणि हप्ते भरणाऱ्या वडिलांना पटण्यासारखं नव्हतं. वडिलांनी "गरज नाही" एवढे दोनच शब्द वापरले.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "पत्रा किती जाडीचा आहे?"

मुलाला उत्तर माहीत नव्हतं. तो बाजूचं दार काढून घेऊन गेला. अप्पांनी पत्र्याच्या कडेवरून दोन बोटं फिरवली आणि म्हणाले, "पाऊण मिलिमीटरच्या आसपास. जमेल. पण घाई केलीस तर थरथरून वाकडा होईल."

त्या घरात अप्पांनी कशाला तरी "जमेल" म्हटल्याला बरेच दिवस झाले होते. वडिलांनी पुढे काही हरकत घेतली नाही.

अप्पांनी पहिल्याच दिवशी दोन अटी घातल्या. खिडकी हवी तेवढीच मोठी, जास्त नाही. आणि कापायचं ते रेघेच्या आत. "भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही. पत्रा शिल्लक असला तर चूक दुरुस्त होते."

पहिल्या अटीमागे एक कारण मुलाकडेही होतं. कॉम्प्युटरच्या आत सेकंदाला कोट्यवधी वेळा चालू-बंद होणारे विद्युत्प्रवाह असतात आणि त्यांच्यातून रेडिओलहरी बाहेर पडत राहतात. जमिनीशी जोडलेला पत्र्याचा डबा त्यांना बऱ्याच अंशी आत अडवून ठेवतो. प्लॅस्टिक अडवत नाही. खिडकी जेवढी मोठी, तेवढी गळती जास्त. अप्पांचा ट्रान्झिस्टर कॉम्प्युटरजवळ ठेवला तर तसाही खरखरायचा. "म्हणजे हा डबा नुसता धूळ अडवायला नाही तर," अप्पा म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी नातवाला सलग तीन-चार प्रश्न विचारले.

खिडकी दहा इंच रुंद आणि आठ इंच उंच ठरली. सामान जमवायला मुलगा एकटाच हिंडला. पंखा लॅमिंग्टन रोडवरून आणला, आत दिवे असलेला. ॲक्रिलिकचा तुकडा स्टेशनजवळच्या नंबर प्लेट करणाऱ्याकडून, तीन मिलिमीटर जाडीचा, बारा इंच बाय दहा. म्हणजे चारी बाजूंनी एकेक इंच पत्र्याच्या मागे दडेल असा. काच अप्पांनीच नको म्हटली. घरच्या घरी भोकं पाडायला काच अवघड आणि तडकली तर जीवघेणी. कापलेल्या पत्र्याची धार झाकण्यासाठी रबरी बीडिंग रिक्षांचं काम करणाऱ्याकडे मिळालं. जिगसॉ इमारतीतल्या सुतारकाकांकडून एका दिवसापुरता उसना आणला आणि त्याला लोखंड कापायचं बारीक दातांचं पातं लावलं.

रविवारी सकाळी दार गच्चीवर नेलं. कॉम्प्युटर खालीच ठेवला. लोखंडाचा कीस मदरबोर्डवर एक कण पडला तरी दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात आणि सगळा खर्च पाण्यात जातो. कापण्याचं काम आणि यंत्र यांच्यात एक मजला अंतर, हे अप्पांचं म्हणणं.

पत्र्यावर कागदी चिकटपट्ट्या लावल्या. एक तर रेघ स्पष्ट उमटते आणि जिगसॉच्या बुडाने रंगावर ओरखडे पडत नाहीत. आखणी अप्पांनी स्वतःकडे घेतली. टूलरूममध्ये नवशिक्याला सगळं करायला देतात, आखणी देत नाहीत. त्यांनी पट्टी उन्हात धरली, तिरकी केली, डोळ्यांजवळ नेली. मग पट्टीवर कोरलेल्या खाचा त्यांनी नखाने मोजल्या. मुलाला वाटलं, जुन्या कारागिरांची हीच पद्धत असेल. आखलेला चौकोन काटकोनात आहे की नाही हे पाहायला दोन्ही कर्ण मोजतात; ते सारखे आले की चौकोन बरोबर. अप्पांनी कर्ण मोजले आणि म्हणाले, "सारखे."

पत्र्याच्या मागे लाकडी फळी घट्ट बांधली, थरथर होऊ नये म्हणून. चारी कोपऱ्यांना पातं आत जाईल एवढी भोकं ड्रिलने पाडली. ही भोकं गोल असतात हेही बरंच. टोकदार कोपऱ्यात पातं वळत नाही आणि पत्र्याला तिथून चीर जाऊ शकते. मुलाने चष्मा घालून, श्वास रोखून जिगसॉ चालवला. आवाजाने शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. रेघेच्या आत, सांगितल्याबरहुकूम. अर्ध्या तासात पत्र्याचा तुकडा खण्णकन खाली पडला.

ॲक्रिलिकला भोकं पाडताना अप्पांनी ड्रिल हळू चालवायला लावलं. वेग वाढला तर ॲक्रिलिक तापून वितळतं, दाब वाढला तर तडकतं. स्क्रू चार मिलिमीटरचा, पण भोक पाच मिलिमीटरचं. ॲक्रिलिक उष्णतेने पोलादाच्या पाच-सहापट प्रसरण पावतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर उन्हाळ्यात स्क्रूपासूनच चीर पडते. "जाम बसवलेली वस्तू टिकत नाही," अप्पा म्हणाले. ॲक्रिलिकवरचा कागद सगळ्यात शेवटी सोलला आणि ते साबणाच्या पाण्याने पुसलं. स्पिरिटने त्याला बारीक चिरा पडतात.

बीडिंग बसवलं, स्क्रू आवळले, दार घेऊन दोघं खाली आले. दार जागेवर लागलं तेव्हा मुलाला दिसलं. खिडकीची खालची कड एका बाजूला कललेली होती. उजवा कोपरा डाव्यापेक्षा दीड सूत खाली होता. कापताना रेघ चुकली नव्हती. रेघच तिरकी होती.

एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाची रेघ दीड सूत चुकली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने कॉम्प्युटर चालू केला. पंखा फिरू लागला, आतला दिवा लागला.

अप्पा खिडकीसमोर वाकले. "चांगला दिसतोय. दिवा पांढराच आणलास ते बरं केलंस."

"अप्पा," मुलगा म्हणाला, "दिवा निळा आहे."

अप्पा थोडा वेळ तसेच वाकून उभे राहिले. मग खुर्चीत जाऊन बसले.

आई स्वयंपाकघरात होती, वडील बाहेर गेले होते. मुलगा पायाशी जाऊन बसला. "तुम्हाला नीट दिसत नाही ना? कधीपासून?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं ते तुकड्यातुकड्यांनी. दोन वर्षं. आधी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती कडं दिसू लागलं. मग सगळं मळक्या काचेतून बघितल्यासारखं. एकदा प्लॅटफॉर्मची कड कळली नाही, पाय अधांतरी गेला, कुणीतरी दंड धरून मागे ओढलं. त्या दिवसापासून फिरणं बंद. सांगितलं का नाही? तर त्यांच्या आईचं ऑपरेशन त्यांनी पाहिलं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला दिवसचे दिवस उताणं निजवलं होतं. पुढे सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागला. तो काढला तर काही दिसत नसे आणि घातला तर पायरी जिथे नाही तिथे दिसे. "त्यापेक्षा आहे हे बरं," अप्पा म्हणाले. "आणि डोळे गेले म्हटलं की फिटर गेला. मग उरलं काय?"

रात्री मुलाने आई-वडिलांना सांगितलं. आठवड्याने ते सगळे एका धर्मादाय इस्पितळात डॉक्टरांसमोर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं असतं, ही जुनी समजूत आता धरायची नाही, डॉक्टर म्हणाले. उलट फार पिकला तर काढणं कठीण जातं. रंग फिके का दिसतात तेही त्यांनी सांगितलं. डोळ्यातलं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं आणि ते निळा प्रकाशच आधी अडवतं.

पूर्वी खराब झालेलं भिंग काढत, त्या जागी काही बसवत नसत. म्हणून तो जाड चष्मा. आता आत नवं भिंग बसवतात. डॉक्टरांनी एक नमुना टेबलावर ठेवला. मध्ये सहा मिलिमीटरची चकती आणि तिला दोन बाजूंनी केसासारखे दोन वाकडे हात.

अप्पांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "याला स्क्रू नाही?"

"नाही. हे दोन हात स्प्रिंगसारखे दाबले जातात आणि स्वतःला मध्यभागी धरून ठेवतात. जाम बसवत नाहीत."

"आणि कशाचं करतात?"

"ॲक्रिलिकचं."

मुलगा उडालाच. "नंबर प्लेटचं असतं ते?"

डॉक्टर हसले. जात तीच, शुद्धपणा फार वेगळा. मग त्यांनी एक हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छपरं याच आरपार प्लॅस्टिकची असत. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढाया झाल्या तेव्हा छपराला गोळी लागून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. हॅरॉल्ड रिडली नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी असे डोळे तपासले. त्यांच्या लक्षात आलं, की हे कण डोळ्यात पडून राहिले तरी डोळा सुजत नाही, त्यांना परकं मानत नाही. पुढे एका विद्यार्थ्याने त्यांना सहज विचारलं, मोतीबिंदू काढल्यावर त्या जागी दुसरं भिंग का बसवत नाहीत? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात रिडलींनी अशा प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. डोळ्यातून परकी वस्तू काढायची, घालायची नाही, असं मानणाऱ्या थोर डॉक्टरांनी कित्येक वर्षं त्यांच्यावर टीका केली. रिडली खचले नाहीत. त्यांना 'सर' हा किताब मिळाला तो २००० साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. त्याआधीच त्यांनी स्वतःच्याही डोळ्यांत असंच भिंग बसवून घेतलं होतं.

आपल्याकडे हे भिंग गरिबाला परवडेनासं होतं, कारण ते परदेशातून यायचं. मदुराईच्या अरविंद नेत्र इस्पितळाच्या लोकांनी १९९२ साली ऑरोलॅब सुरू केली आणि ही भिंगं इथेच स्वस्तात करायला घेतली. "तुमचं काम जुन्या पद्धतीचं नाही," डॉक्टर म्हणाले. "वाळूच्या पिशव्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घरी."

परतीच्या गाडीत अप्पा गप्प होते. कल्याणच्या गाडीतली ती दुपारची गर्दी, घाम, फेरीवाले. ठाणं मागे पडल्यावर ते नातवाकडे वळून म्हणाले, "सहा मिलिमीटर. त्यात मापाला किती जागा ठेवत असतील रे?" मुलाने आईकडे पाहिलं. आईने डोळ्यांना पदर लावला. होकार यापेक्षा वेगळा येणार नव्हता.

ऑपरेशन जूनमध्ये झालं, आधी उजव्या डोळ्याचं. पट्टी सुटली तेव्हा अप्पा घरातल्या भिंतींकडे बघत राहिले. रंग कधी लावला, असं त्यांनी विचारलं. रंग सहा वर्षांपूर्वीचा होता. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे सगळं त्यांनी शिस्तीत पाळलं. कॉम्प्युटर रात्री चालू असला की ते समोर बसत. पंख्याचा निळा उजेड गॅलरीच्या दारापर्यंत येई. काही बोलत नसत.

दीड महिन्याने एका रविवारी ते खिडकीजवळ गेले, खालच्या कडेवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हा कोपरा कुणी आखला?"

मुलगा गडबडला. "ते... राहू दे अप्पा. छान दिसतंय असंच."

"राहू दे काय? पेटी काढ कॉटखालची."

दार पुन्हा गच्चीवर गेलं. स्क्रू काढले, ॲक्रिलिक बाजूला ठेवलं, बीडिंग सोडवलं. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा नको म्हणून सुनेने मुलाचा कामाचा चष्मा अप्पांच्या डोळ्यांवर स्वतः चढवला. अप्पांनी पट्टी धरली. उन्हात नाही, नखाने नाही. एकदा बघितलं आणि स्क्राइबरने एक रेघ ओढली. डावीकडे दीड सूत, उजवीकडे शून्य. मग कानशीने ते कापू लागले, एका लयीत, पुढे जाताना दाब, मागे येताना हलकं. पत्र्यात तेवढी जागा होती, कारण दोन महिन्यांपूर्वी मुलाने रेघेच्या आत कापलं होतं. ॲक्रिलिकही पुरलं, कारण चारी बाजूंनी एकेक इंच जास्त होतं.

तासाभराने त्यांनी कर्ण मोजले. मग पट्टी नातवाकडे दिली. "तू मोज."

मुलाने मोजले. सारखे होते.

आज बाजारात एक अख्खी बाजू काचेची असलेली कॅबिनेटं तयार मिळतात. खिडकी कापायची कुणाला गरज उरलेली नाही. त्या घरातला तो कॉम्प्युटरही कधीच मोडीत निघाला. मोडवाल्याला सगळं दिलं, बाजूचं दार तेवढं दिलं नाही. ते माळ्यावर आहे, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, हत्यारांच्या पेटीशेजारी.